ड्रुइडांच्या वर्तुळांत उभें राहावें काय?

डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस सूर्य आपली दक्षिणेकडील वाटचाल संपवून उत्तरेकडे वळतो. आपल्या खेड्यापाड्यांत या दिवसाची कोणी विशेष दखल घेत नाहीं. पंचांगाप्रमाणें मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, व उत्तरायण त्याच दिवशीं लागलें असा सर्वांचा समज असतो. पण खरें पाहतां सूर्य त्याच्या तीन आठवड्यांहून अधिक आधीं वळून चुकलेला असतो. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं हे दोन दिवस एकत्र पडत असत. पुढें ते हळूहळू एकमेकांपासून सरकत गेले. आणि तो वळला काय, न वळला काय, आपणांस मोठासा फरक जाणवत नाहीं. पुण्याकडे वर्षांतील सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. इंग्लंडच्या दक्षिण भागांत मात्र त्या दिवशीं आठ तासही उजेड मिळत नाहीं. भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें पंधरा अंशच वर येतो. म्हणजे आपल्याकडे सूर्योदयानंतर तास-सव्वा तासानें तो जेथें असतो, तेथपर्यंतच तो तेथें दिवसभराच्या श्रमानें चढतो. आभाळ भरलेलें असलें तर तेवढाही दिसत नाहीं, आणि चार वाजतां घरोघर दिवे लागतात. हें प्रथम सांगण्याचें कारण असें कीं, ज्या विधीविषयीं आज लिहावयाचें आहे तो या अंधाराशीं जडलेला आहे. आणि असा अंधार ज्यांनीं कधीं अनुभवला नाहीं त्या आम्हां-तुम्हांस त्याची थट्टा करण्याचा मोह सहज होईल.

हा विधि ड्रुइड म्हणविणाऱ्या लोकांचा. आमच्या भागांतील एका उपदेशक बंधूंची कन्या इंग्लंडांत परिचारिकेचें काम करिते. तिच्याच कक्षांत काम करणारी एक इंग्रज बाई ड्रुइडांच्या एका मंडळाची सभासद आहे. या बाईची आई गेल्या ऑक्टोबरांत वारली. त्या अखेरच्या आजारांत आमच्या या मुलीनें तिची पुष्कळ सेवा केली होती. आतां ती बाई म्हणते, "यंदा हिवाळ्याच्या विधीस तूं माझ्या शेजारीं उभी राहा. आमच्यांत कोणास त्याचा विश्वास विचारीत नाहींत. तूं आपल्या देवाला घेऊनच ये." मुलीनें वडिलांस लिहून विचारलें. वडिलांनीं एका ओळींत 'जाऊं नये' असें कळविलें, आणि मग दोन रात्री त्यांस झोंप लागली नाहीं, म्हणून तें पत्र घेऊन ते आम्हांकडे आले. प्रश्न एकट्या त्या मुलीचा असता तर तो खासगी पत्रांतच मिटविला असता. परंतु आपल्या मंडळ्यांतील अनेकांचीं मुलें आज परदेशीं आहेत. आणि जीं गांवांतच आहेत त्यांच्याही पुढें हाच प्रश्न दुसऱ्या वेषानें दर सणास येऊन उभा राहतो.

प्राचीन ड्रुइड हे गॉल व ब्रिटन या देशांतील केल्ट लोकांचे पुरोहित, न्यायाधीश व गुरु होते. आपल्या धर्माविषयीं त्यांनीं एक अक्षरही लिहून ठेविलें नाहीं. जें कांहीं आपणांस कळतें तें परक्यांच्या लेखांतून, आणि त्यांतही बहुतेक त्यांचे शत्रु जे रोमी लोक त्यांच्या लेखांतून. जूलियस सीझर लिहितो कीं, त्यांची विद्या मुखोद्गत करावयास कांहीं शिष्यांस वीस वीस वर्षें लागत. आत्मा मरणानंतर एका देहांतून दुसऱ्या देहांत जातो असें ते शिकवीत. आणि नरबळीचे विधि त्यांच्या हातून होत. प्लिनी नांवाचा दुसरा रोमी लेखक सांगतो कीं, चंद्राच्या सहाव्या दिवशीं शुभ्र वस्त्र नेसलेला पुरोहित ओक वृक्षावर चढून त्यावर वाढलेलें मिसलटो नांवाचें बांडगूळ सोन्याच्या विळ्यानें कापी, व नंतर दोन पांढरे बैल बळी दिले जात. इ. स. ६० च्या सुमारास रोमी सैन्यानें वेल्सला लागून असलेल्या अँगलसी बेटावर चाल करून तेथील त्यांचीं पवित्र वनें तोडलीं. शत्रूनें लिहिलेल्या या हकीकतींपैकीं किती खऱ्या मानाव्या हें सांगणें कठीण. आपल्या पूर्वजांविषयीं परक्यांनीं काय काय लिहून ठेविलें आहे तें आठवलें म्हणजे या बाबतींत सावध राहणेंच बरें.

आजचे ड्रुइड हे त्या पुरोहितांच्या अखंड परंपरेंतील नव्हेत, आणि त्यांच्यांतील जाणते लोक तसा दावाही करीत नाहींत. त्यांचा उगम अठराव्या शतकांत सांपडतो. मौज ही कीं, या कामीं एका पाळकाचा हात होता. विल्यम स्टूकली हा १७२९ सालीं दीक्षा घेतलेला इंग्लंडच्या मंडळीचा पाळक. त्यानें १७४० सालीं ग्रंथ प्रसिद्ध करून, स्टोनहेंज येथील प्रचंड शिलावर्तुळ हें ड्रुइडांचें मंदिर होय असें प्रतिपादन केलें. तें खरें नव्हतें. तेथील मोठ्या शिला ख्रिस्तपूर्व २५०० च्या सुमारास, म्हणजे ड्रुइडांचें नांव इतिहासांत येण्यापूर्वीं दोन हजार वर्षांहून अधिक काळ आधीं उभारलेल्या आहेत. १७८१ सालीं लंडनांत ड्रुइड हें नांव घेणारा एक स्नेहसंघ निघाला. १७९२ सालीं वेल्समधील एक पाथरवट, एडवर्ड विल्यम्स, ज्यानें योलो मोर्गानुग असें नांव धारण केलें होतें, त्यानें लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर लहानसें दगडांचें वर्तुळ मांडून कवींची सभा भरविली. या सभेचा विधि आपणांस जुन्या पोथ्यांतून मिळाला असें तो सांगे. त्या पोथ्यांपैकीं पुष्कळ त्यानें स्वतःच रचल्या होत्या, हें विसाव्या शतकांतील विद्वानांनीं उघड केलें. हिवाळ्यांतील या सणास ड्रुइड 'अल्बन आर्थन' म्हणतात. तें नांवही त्याच्याच लेखणींतून उतरलेलें आहे. पुढें १९६४ सालीं रॉस निकल्स या कवीनें 'बार्ड, ओव्हेट व ड्रुइड यांचा संघ' स्थापिला, आणि आज ठिकठिकाणीं चालणारे पुष्कळ विधि त्या संघाच्या वळणाचे आहेत. २०१० सालीं इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगानें ड्रुइडांच्या एका संस्थेस धर्मप्रसारार्थ चाललेली संस्था म्हणून मान्यताही दिली.

हें वाचून कोणी म्हणेल, "मग प्रश्नच मिटला. जो धर्म एका पाथरवटानें बनावट पोथ्यांवर उभा केला, त्यापुढें आपण क्षणभर तरी कां थांबावें?" यराबाम राजानें आठव्या महिन्यांतील सण आपल्याच मनानें काढला म्हणून त्यास शास्त्रांत दोष दिला आहे, याचीही कोणी आठवण करून देईल. परंतु हा बाण सोडण्यापूर्वीं तो उलटून आपल्याच अंगावर येतो काय तें पाहिलें पाहिजे. प्रभूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानांत नाहीं. रोम शहरीं २५ डिसेंबरास हा जन्मदिन मानीत असल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा चवथ्या शतकांतला आहे. आणि रोमी पंचांगांत सूर्य वळण्याचा दिवसही परंपरेनें तोच धरीत. या दोहोंचा संबंध कसा व किती यावर विद्वानांचा वाद अद्यापि चालू आहे. नाताळास शास्त्राचा आधार नाहीं म्हणून १६४७ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें तो सण बंद केला. स्कॉटलंडांत तर १९५८ पर्यंत नाताळास सार्वजनिक सुटी नव्हती. हें करणारे लोक नास्तिक नव्हते, आपल्याहून कडक ख्रिस्ती होते. तेव्हां 'तुमचा सण मागून निघाला' एवढ्यानें ड्रुइडांचें तोंड बंद होत नाहीं. शिवाय जुनें तेंच खरें हा नियम आपण कोणत्या तोंडानें सांगावा? आपल्या गांवच्या शिवेवरील म्हसोबा आपल्या मंडळीहून किती तरी जुना आहे.

योलोनें फसवणूक केली हें खरें. पण आज जी बाई अंधारांत जाऊन उभी राहते, ती योलोचा खोटेपणा जाणून, तो बोलून दाखवून उभी राहते. तिला लबाड म्हणणें न्यायाचें नव्हे.

आतां प्रत्यक्ष विधि. स्टोनहेंज येथें सूर्य वळल्यानंतरच्या पहांटे हजारों लोक जमतात. त्यांत ड्रुइड थोडे व पाहावयास आलेलेच फार. गंमत अशी कीं, त्या शिलांची रचना हिवाळ्यांतील त्या दिवसाच्या सूर्यास्ताकडे तोंड करून आहे. तरी लोक जमतात तें उगवतीला. आयर्लंडांत न्यूग्रेंज येथें स्टोनहेंजच्या शिलांहूनही जुनें एक समाधिस्थान आहे. तेथें त्या दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण दाराच्या वरील झरोक्यांतून आंतल्या खोलीपर्यंत जातो व सुमारें सतरा मिनिटें तेथें राहतो. पांच हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांनीं एवढ्या सतरा मिनिटांसाठीं तेवढे दगड वाहिले, हें आम्हांस कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलकें वाटतें. त्यांस दिवस मोठा होण्याची किती आस लागलेली असेल!

आमच्या मुलीस बोलावणें आहे तें अशा मोठ्या मेळ्यास नव्हे. दहा-वीस माणसें एखाद्या राईंत किंवा टेकडीवर वर्तुळ करून उभीं राहतात. प्रथम चारही दिशांस तोंड करून शांति इच्छितात. जेथें शांति नाहीं तेथें विधि व्हावयाचा नाहीं अशी ही रीति आहे, आणि तिच्यांत वाईट कांहीं आम्हांस दिसत नाहीं. मंडळामंडळांत फरक असतो. पण निकल्सच्या संघाच्या वळणाचा विधि असेल तर मग दिवे मालवून अंधार करितात. ज्या गोष्टींनीं गेल्या वर्षांत आपणांस जखडून ठेविलें त्यांची खूण म्हणून हातांतील कापडाची चिंधी प्रत्येक जण जमिनीवर टाकतो. कांहीं वेळ कोणी बोलत नाहीं. मग गारगोटीवर ठिणगी पाडून एकच दिवा लावितात, व तो ड्रुइडाच्या आंकडीदार काठीवर टांगून पूर्वेस उंच धरितात. वर्ष पुनः जन्मास आलें असें म्हणतात. कांहीं मंडळांत त्या दिव्यावरून प्रत्येकाच्या हातीं मेणबत्ती पेटवून देतात. नंतर भाकर व पेय वांटून खातात, आणि थंडीनें कुडकुडत घरोघर जातात. नरबळी नाहीं, बैल नाहीं, सोन्याचा विळाही बहुधा नाहीं.

अशा ठिकाणीं उभें राहण्यांत पाप कोणतें, असें ती मुलगी विचारते. "माझें मन ख्रिस्ताकडे असेल," ती लिहिते, "मग पाय कोठें आहेत यानें काय होतें?"

हा प्रश्न जुना आहे. अरामाचा सेनापति नामान कुष्ठ जाऊन शुद्ध झाल्यावर अलीशाजवळ हेंच बोलला. त्याचा धनी रिम्मोनाच्या मंदिरांत जाई तेव्हां त्याच्या हातावर टेके, आणि धनी लवला कीं नामानासही लवावें लागे. संदेष्ट्यानें त्यास न रागावतां शांतीनें जाऊं दिलें. या गोष्टीचा आधार पुष्कळ जण घेतात. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेंतून निसटते. 'माझें मन दुसरीकडे आहे, म्हणून माझें लवणें म्हणजे कांहींच नव्हे,' असें नामान म्हणाला नाहीं. त्यानें क्षमा मागितली. शरीर लवलें म्हणजे कांहीं तरी घडलें हें तो ओळखून होता. पौलही करिंथकरांस लिहितांना असाच भेद करितो. बाजारांत विकत मिळणारें मांस चौकशी न करितां खा, असें तो सांगतो. पण तेंच मांस मूर्तीच्या मंदिरांत, यज्ञाच्या मेजाशीं बसून खाणें निराळें. मांस एकच. बदलतें तें एवढेंच कीं, खाणारा शेजारीं बसलेल्यांस आपल्या खाण्यानें काय सांगतो.

अलीकडचें एक उदाहरण घेऊं. २००२ सालीं वेल्सचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांची कँटरबरीच्या सर्वोच्च पदासाठीं निवड जाहीर झाली होती. त्याच ऑगस्टांत सेंट डेव्हिड्स येथें भरलेल्या वेल्सच्या राष्ट्रीय साहित्योत्सवांत त्यांस कवींच्या त्या सभेंत मानाचें स्थान मिळालें. शुभ्र झगा घालून ते शिलावर्तुळांत उभे राहिले, व त्यांचीं चित्रें सगळीकडे छापलीं गेलीं. ही सभा म्हणजे योलोनें १७९२ सालीं सुरू केलेलीच. पुष्कळ ख्रिस्ती लोक संतापले: मंडळीचा प्रमुख ड्रुइड झाला! विल्यम्स यांचें उत्तर असें कीं, यांत मूर्तिपूजकांचा धर्म नाहीं. वेल्श भाषेची व काव्याची सेवा करणारांचा हा गौरव आहे. आमच्या मतें त्यांचें म्हणणें बरोबर होतें, आणि रागावलेले लोक झग्यालाच उपासना समजले. त्या सभेंत जी प्रार्थना म्हणतात ती उघडपणें देवाला उद्देशून आहे. त्या वर्तुळांत विल्यम्स जें बोलले व जें करीत होते त्याचा अर्थ त्यांच्या मनांत एक व इतरांच्या मनांत दुसरा असा नव्हता.

तीच योलोची प्रार्थना आमच्या मुलीच्या मैत्रिणीच्या वर्तुळांतही म्हणतात. परंतु येथें एक फरक आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें सगळा प्रश्न त्यांतच सांठविलेला आहे. आजच्या ड्रुइडांत आरंभींचें संबोधन ज्यानें त्यानें आपल्या मनाप्रमाणें योजावें अशी मुभा असते. कोणी देव म्हणतो, कोणी देवी, कोणी महान आत्मा म्हणतो. पुढचे शब्द सर्वांचे एकच. ही मुभा त्यांनीं मोठ्या मनानें ठेविली आहे हें कबूल केलें पाहिजे. कोणी परका येऊन अवघडून उभा राहूं नये हा तिचा हेतु. परंतु अशी प्रार्थना म्हणजे पत्ता न लिहितां टपालांत टाकलेलें पत्र होय. दहा जण एका सुरांत दहा निरनिराळ्यांस हांक मारीत असतील, तर ते एकमेकांजवळ उभे आहेत एवढेंच खरें.

कोणी म्हणेल, तिनें आपल्या परीनें देवालाच हांक मारावी. देवाला तर तिचें मन कळतें. होय, देवाला कळतें. पण शेजारीं उभ्या असलेल्या त्या बाईस कळत नाहीं. ती आपल्या मेलेल्या आईची आठवण, आपला अंधार, आपली आशा असें जें कांहीं तिच्याजवळ सर्वांत पवित्र आहे तें उघडून ठेवणार. आणि आमची मुलगी ओंठांनीं तिच्याबरोबर राहून मनांत म्हणणार कीं, 'हें तुझें, माझें निराळें.' अशा वेळीं मनांत राखून ठेवून भाग घेणें ही त्या बाईची फसवणूक होते. आपल्यांत या विषयावर बोलणें निघालें कीं आपण सदा स्वतःच्या विटाळाचा विचार करितों: मला डाग लागेल काय, माझें नांव मंडळींत कमी होईल काय. ज्यानें आपणांस बोलाविलें त्याच्याशीं आपण खरेपणानें वागतों काय, हा प्रश्न आपल्या मनांत फार क्वचित् येतो. आपल्या प्रभुभोजनास कोणी केवळ आपणांस बरें वाटावें म्हणून येऊन बसला, आणि भाकर घेतांना मनांतल्या मनांत 'हें कांहीं खरें नव्हे' असें म्हणत राहिला, तर आपणांस त्याची मैत्री समजून आनंद होईल काय? जो मान आपण आपल्या मेजासाठीं मागतों तो दुसऱ्याच्या वर्तुळासही दिला पाहिजे. त्यांचें वर्तुळ साठ वर्षांचें असो वा सहाशें वर्षांचें.

म्हणून वडिलांचा 'जाऊं नये' हा शब्द मात्र आम्हांस पटला नाहीं. न जाणें हेंही एक बोलणेंच आहे, आणि तें ऐकणाराच्या मनांत पुष्कळ वर्षें राहतें. आपल्या लोकांनीं नवा विश्वास घेतल्यावर किती घरांचे उंबरठे ओलांडणें सोडलें, किती भावांच्या सरणापासून ते दूर राहिले, याच्या गोष्टी अजून गांवांगांवांत निघतात. त्यांतलें कांहीं अवश्य होतें. कांहीं केवळ भीतीनें झालें, आणि त्या भीतीस आपण निष्ठा असें नांव दिलें. आमच्या ओळखीचे एक वृद्ध उपदेशक होते. त्यांच्या हिंदु भावाचें दहावें होतें. ते पहांटेच गेले, नदीवर सरपण वाहून नेलें, पाणी भरलें, पुतण्यांच्या शेजारीं बसले. पिंडास हात लावण्याची वेळ आली तेव्हां पुतण्यास स्पष्ट सांगून चार हात दूर जाऊन उभे राहिले. त्यांस मंडळींतील कांहींनीं नांवें ठेविलीं, आणि भावकींतीलही कांहींनीं ठेविलीं. पुतणे मात्र आजही 'चुलते आले होते' असेंच म्हणतात.

आम्ही त्या मुलीस लिहिलें तें थोडक्यांत असें. जा, परंतु जाण्यापूर्वीं, दिवसाउजेडीं, मैत्रिणीस सांग कीं मी तुझ्यासाठीं येतें, विधीसाठीं नव्हे, प्रार्थनेच्या वेळीं मी गप्प राहीन, आणि हवें तर वर्तुळाबाहेर उभी राहीन. हें ऐकून तिला वाईट वाटलें तर तें वाईट वाटणें आधींच वाटूं दे. चिंधी टाकावयाची असेल तर टाक. तींत कोणास हांक नाहीं कीं नैवेद्य नाहीं. आपणांस जखडणारें ओझें टाकून द्यावें असें तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांतही आहे. यावर तिच्या वडिलांचा आक्षेप असा कीं, "आज चिंधी, उद्यां मेणबत्ती, परवां प्रार्थना." हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. घसरण्याची वाट अशीच असते, आणि चाळीस वर्षें खेड्यांत काम केलेल्या माणसानें ती आम्हांहून अधिक वेळां पाहिली आहे. तरी पुढें उतार आहे म्हणून पहिल्या पायरीवरही पाय ठेवूं नये, असें धरलें तर घराबाहेर पडतांच येणार नाहीं.

पौलानें दुर्बळ बंधूचा विचार करावयास सांगितलें आहे, आणि तो आतां नव्या रीतीनें करावा लागतो. तेथें काढलेलें छायाचित्र पांढऱ्या झग्यांसकट मोबाइलवरून दुसऱ्या दिवशीं गांवांत येऊन पोंचेल, आणि तें पाहणाराजवळ आधीं झालेलें बोलणें पोंचणार नाहीं. म्हणून छायाचित्र काढूं देऊं नको, एवढें आम्ही निश्चितपणें लिहिलें.

मेणबत्तीविषयीं मात्र आम्ही होय किंवा नाहीं असें कांहींच लिहिलें नाहीं. ज्या दिव्यावरून ती पेटवावयाची, त्यास तेथील कांहीं जण नव्यानें जन्मलेला सूर्य मानून वंदन करितात. आणि ती मैत्रीण तीच मेणबत्ती केवळ आपल्या आईच्या आठवणीसाठीं म्हणून हिच्या हातीं देईल असाही संभव आहे. ती कोणत्या शब्दांनीं पुढें केली जाते हें त्या अंधारांत, त्याच वेळीं कळेल. आणि तेव्हां तिच्याजवळ आम्ही नसूं, तिचे वडीलही नसतील.